येणाऱ्या इंडी गेम्सपैकी विशलिस्टमध्ये काय टाकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप साधा, खेळायला वेळ रात्री जेवणानंतरचा तासभर, आणि स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, इतके इंडी (छोट्या स्वतंत्र टीमचे) गेम येऊ घातलेत की पानं चाळण्यातच तो तास जातो, तर त्यातले विशलिस्टमध्ये, म्हणजे ‘पुढे घेऊ’च्या यादीत, टाकण्याच्या लायकीचे कोणते? माझीही गत तीच. घर भांडुपला, ऑफिस अंधेरीला, लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. हे लिहितेय २०२५च्या डिसेंबरात, त्यामुळे पुढच्या तारखा आजच्या समजा.

ट्रेलर बघून काहीही ठरवू नका, असं माझं मत. ट्रेलरमध्ये सगळेच गेम देखणे दिसतात, संगीतही काळजाला हात घालणारं असतं. डेमो, म्हणजे गेमचा फुकट नमुना, उतरवा आणि दहा मिनिटं फक्त एवढंच बघा, की तुमची बोटं नेमकं काय करतायत आणि तेच अजून शंभर वेळा करायला आवडेल का. ‘बालात्रो’ या पत्त्यांच्या गेमचं २०२४मध्ये एवढं नाव झालं. त्याचे स्क्रीनशॉट बघून मला तर पत्त्यांचं जुनं मशीन वाटलं असतं. डेमो खेळणाऱ्याला मात्र दुसऱ्या डावातच कळायचं की आज झोपेचं खोबरं होणार.

या कसोटीवर सध्या माझ्याकडे पहिला नंबर ‘मीना द हॉलोअर’चा. ‘शॉव्हेल नाइट’वाल्या यॉट क्लब गेम्सचा हा गेम. दिसायला ‘गेम बॉय कलर’ या हातात धरायच्या जुन्या यंत्रावरच्या गेमसारखा: मोठे पिक्सेल, मोजके रंग, वरून दिसणारा नकाशा. हिरॉईन एक उंदरीण आणि तिच्या हातात चाबूक. इथपर्यंत ठीक, असे गेम पैशाला पासरी आहेत. पण ती जमिनीत शिरते. बटण दाबून धरलं की मातीखाली जाते, वर नुसता सरकणारा उंचवटा दिसतो, आणि बटण सोडलं की उसळी मारून बाहेर येते. साध्या उडीत जो खड्डा पार होत नाही तो या उसळीत होतो. अंगावर आलेला वार मातीखालून चुकवता येतो. खाली फार वेळ राहताही येत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी ‘आत्ता की अजून थोडं थांबून’ हा हिशोब चालू. डेमोमध्ये सुरुवातीला मी खड्ड्यात पडतच होते, पण थोड्या वेळाने बोटं आपोआप हलायला लागली आणि मग लॅपटॉप बंद करवेना. ३१ ऑक्टोबरला येणार होता, शेवटच्या घटकेला पुढे ढकलला, नवीन तारीख अजून जाहीर नाही. डेमो स्टीमवर आहे. कठीण आहे हे आधीच सांगते. दिवसभर बॉसची बोलणी खाऊन आल्यावर उंदराकडूनही मार खायची तयारी हवी.

‘स्ले द स्पायर २’चा डेमो नाही, तरी टाका. पहिला भाग खेळला असेल तर कारण सांगायला नको. नसेल खेळला तर एवढंच: पत्ते गोळा करत मनोरा चढायचा, मेलात की पुन्हा तळापासून, आणि दर खेपेला पत्त्यांची जोडणी वेगळी. माऊस एका हातात, वरणभाताचा चमचा दुसऱ्या हातात, असा खेळता येतो. गडबडीचं काम नाही, तुम्ही पत्ता टाकेपर्यंत समोरचा राक्षस मुकाट थांबतो. दुसऱ्या भागात नवीन पात्रांमध्ये एक बाई आहे, जिच्या सोबत हाडांचा एक भलामोठा हात फिरतो आणि तिच्या वाटचे फटके खातो. मला यातूनच बरंच काही दिसतं, कारण स्वतःचा जीव वाचवायचा की हाताचा, हा प्रश्न दर वळणावर येणार. मार्च २०२६मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये येतोय, म्हणजे अर्धवट अवस्थेत. पण पहिला भागही २०१७मध्ये असाच आला होता आणि २०१९मध्ये पुरा झाला. या लोकांवर मी आगाऊ विश्वास ठेवते. बाकीच्यांच्या अर्ली ॲक्सेसला मी फक्त विशलिस्ट करते आणि पुरा होईपर्यंत पाकीट उघडत नाही.

‘म्यूजेनिक्स’ १० फेब्रुवारी २०२६ला येतोय. मांजरं पाळायची, त्यांची पिल्लं वाढवायची आणि चौकटींच्या पटावर आळीपाळीने लढवायची. २०१२मध्ये जाहीर झालेला हा गेम मधे गुंडाळला गेला होता, आता खरंच हातात येणार. विनोद घाणेरडा आहे. वन रूम किचनमध्ये आई मागे बसलेली असताना खेळण्यातला नाही.

आता आपल्याकडचे. ‘फिशबोल’ दोन जणांच्या भारतीय टीमने केलाय. ॲलो नावाची मुलगी नव्या शहरात एकटी राहते, घरूनच व्हिडिओ एडिटिंगचं काम करते. तिची आजी नुकतीच गेली आहे आणि आजीच्या सामानाचे खोके घरात येऊन पडलेत. ते उघडायचे म्हणजे छोटी छोटी कोडी सोडवायची. दात घासणं, आईचा व्हिडिओ कॉल उचलणं, असल्या बारीकसारीक गोष्टींनी तिचा दिवस सावरतो. डोळ्यांत पाणी काढणारे गेम मला एरवी सहन होत नाहीत, कारण ते पाणी काढायचंच म्हणून बसलेले असतात. इथे आईच्या फोनवर काय उत्तर द्यायचं याचे पर्याय येतात तेव्हा ‘जेवलीस का’ला खरं सांगायचं की ‘हो’ म्हणून मोकळं व्हायचं, या पेचात मी चक्क अडकले. पेइंग गेस्ट म्हणून मुंबईत दिवस काढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. हलका गेम आहे, साध्या लॅपटॉपला त्रास नाही.

‘मुक्ती’ इथल्या, मुंबईच्याच अंडरडॉग्ज स्टुडिओचा. एका संग्रहालयात फिरत हरवलेल्या आजोबांचा माग काढायचा, आणि त्यातून मानवी तस्करीचा विषय उलगडतो. सोनीच्या इंडिया हीरो प्रोजेक्टमध्ये तो निवडला गेला होता. विषय भारी, चाल संथ. आपल्या संग्रहालयांतली ती पिवळी पाटी, काचेमागची धूळ, दाराशी स्टुलावर बसलेला पहारेकरी, हे ज्याला आवडतं त्याने जरूर टाकावा. पण नजर नायिकेचीच आणि चित्रं भरगच्च, तेव्हा टाकण्याआधी पानाच्या तळाशी मशीनची अट वाचा.

‘मुंबई गलीज’बद्दल कुणीतरी विचारणारच. आपल्या शहराचा ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळं कुठेही भटकता येणारा गेम, म्हणून २०२०पासून गाजतोय. चाळी आणि गल्ल्या स्क्रीनवर बघून ऊर भरून येतो हे खरं, मलाही आला. पण मघाची कसोटी इथेही लावा: त्या गल्लीत मी करणार काय? याचं धड उत्तर मिळेपर्यंत मी थांबलेय. आपला आहे म्हणून मार्क वाढवून देणं मला पटत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२०मध्ये ‘राजी’ आणला तोही आपलाच होता, पण तो उड्या मारण्यात आणि त्रिशूळ फिरवण्यात गंमत होती म्हणून लोकांनी खेळला.

‘विचब्रूक’ जादूच्या शाळेचा, चित्रं इतकी सुरेख की एकेक चौकट फ्रेम करून लावावी. २०२६वर गेलाय. ‘हॉन्टेड चॉकलेटियर’ हा ‘स्टारड्यू व्हॅली’वाल्याचा, २०२१मध्ये जाहीर झाला, तारीख नाही. दोन्ही टाकून ठेवा आणि विसरून जा. ‘सिल्कसाँग’ची वाट लोकांनी २०१९पासून पाहिली आणि तो या ४ सप्टेंबरला आपल्या संध्याकाळी साडेसातला आला तेव्हा स्टीमचं दुकानच आडवं झालं. लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर विकत घ्यायला गेलेल्यांना नुसतं गोल फिरणारं चाक दिसत होतं.

‘बिग वॉक’ मात्र एकट्याने घेऊ नका. ‘अनटायटल्ड गूज गेम’वाल्यांचा आहे, मित्रांबरोबर मोठ्या रानात भटकायचं. दूर गेलात की समोरच्याचा आवाज खरंच क्षीण होतो, मग हाका मारत, हातवारे करत एकमेकांना शोधायचं. कल्पनेवर मी फिदा आहे. अडचण एवढीच की रात्री अकराला चाळीत ‘अरे इकडे, इकडे ये’ ओरडलं तर शेजारचे काका दार वाजवतील.

विशलिस्ट करायला पैसा लागत नाही. गेम आला किंवा सवलत लागली की मेल येतो. छोट्या टीमला त्याचा खरा उपयोगही होतो, कारण ‘लवकरच येणारे’ या यादीत कोण वर दिसणार हे बऱ्याच अंशी विशलिस्टवर ठरतं. म्हणून ‘फिशबोल’सारख्यांना आज टाकलेलं जास्त मोलाचं, ‘स्ले द स्पायर’ला तुमच्या एका क्लिकने काही फरक पडत नाही. घेतल्यावर नाहीच जमला तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात.

पुढचा नेक्स्ट फेस्ट, म्हणजे स्टीमवरची डेमोंची जत्रा, २३ फेब्रुवारी ते २ मार्च २०२६. आठवडाभर डेमोंचा नुसता पूर येतो. रोज रात्री दोनच उतरवा, दहा मिनिटांची कसोटी लावा, नापास झाला की लगेच डिलीट. आणि तोवर जमलं तर लॅमिंग्टन रोडला जाऊन एक साधा वायरवाला कंट्रोलर आणा. दुकानातच लावून दोन्ही स्टिक फिरवून बघा, बिल घ्या. मीनाबाई कीबोर्डवर चालतात, पण मनगट लवकर भरून येतं.