चेंडू आधी पोचला, कॅचरने टॅगही केला, तरी रनर सेफ कसा?

तुम्ही बेसबॉलबद्दल दोन गोष्टी विचारल्या आहेत. होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण करायला जिथे पोचायचं त्या पाटीपाशी, रनर (धावेसाठी पळणारा) कॅचरवर (प्लेटमागचा, कीपरसारखा क्षेत्ररक्षक) आदळला तर चूक कोणाची धरतात? आणि एका क्लिपमध्ये रनरच्या कितीतरी आधी चेंडू आला, कॅचरने त्याला टॅग केलं (चेंडू हातात धरून स्पर्श केला), मैदानावर आउटही दिलं, तरी रिप्लेनंतर निकाल फिरवून त्याला सेफ (नाबाद) का ठरवलं? मी शालेय आणि हौशी सामन्यांत प्लेटमागे अंपायर म्हणून उभा राहतो. हा नियम मला मनापासून पटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण पहिल्याचं त्यातच आहे. अंपायर धडक किती जोराची झाली यावर निकाल देत नाही. धडकेच्या आधीच्या क्षणी कोण कुठे होतं, हे तो बघतो. कॅचरच्या हातात चेंडू नसताना त्याने रनरची वाट अडवली होती का? आणि रनरने स्वतःची सरळ वाट सोडून कॅचरला गाठलं का? टॅगचा विचार यानंतर.

क्रिकेट बघणाऱ्याला हे सगळं विचित्र वाटतं, कारण तिथे फलंदाजाला क्रीजची रेघ कुठूनही ओलांडता येते आणि कीपर स्टंपजवळ असतो. दोघांची गाठ पडायचं कारण नसतं. इथे मात्र सतरा इंच रुंदीच्या एका प्लेटला रनरने स्पर्श करायचा असतो आणि कॅचरने नेमकं तेच होऊ द्यायचं नसतं. जागा एक, हक्क सांगणारे दोन.

पूर्वी यावर उपाय एकच होता: जो दणकट तो जिंकला. १४ जुलै १९७० ला सिनसिनाटीत ऑल-स्टार (निवडक खेळाडूंचा प्रदर्शनी) सामना होता, म्हणजे गुणतक्त्यात काहीच फरक पडणार नव्हता. तरी बाराव्या इनिंगमध्ये (डावात) पीट रोझ हा रनर कॅचर रे फॉसीच्या अंगावरून गेला, विजयी धाव काढली, आणि फॉसीचा खांदा जायबंदी झाला. अनेक वर्षं ही धडक जिद्दीचा नमुना म्हणून दाखवली गेली. फॉसीच्या खांद्याबद्दल त्या मानाने कमी बोललं गेलं.

मग २५ मे २०११. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा बस्टर पोझी प्लेटसमोर, गुडघे टेकलेला, डावा पाय अंगाखाली दुमडलेला. याही वेळी बारावी इनिंग. चेंडू त्याच्या हातात नीट बसलाच नव्हता, तेवढ्यात फ्लोरिडा मार्लिन्सचा स्कॉट कझिन्स येऊन आदळला. पोझीच्या पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, हंगाम तिथेच संपला. कझिन्सवर कारवाई झाली नाही आणि होणंही शक्य नव्हतं, कारण त्या वेळच्या रिवाजात ते बसत होतं. त्याला खलनायक ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोष नियमाचा होता.

खरं तर चेंडू हातात नसलेल्या कॅचरला वाट अडवायचा हक्क नाही, हे नियमपुस्तकात आधीपासून लिहिलेलं होतं. पण ते कोणी लावत नसे. कॅचर वाट अडवायचा, मग रनर म्हणायचा की आता मला दुसरा मार्गच ठेवला नाही. दोघांनाही एकमेकांच्या वागण्यात सबब मिळत होती. मेजर लीगने (अमेरिकेतली व्यावसायिक बेसबॉल लीग) २०१४ च्या हंगामापासून आणलेल्या नियमाने दोन्ही सबबी एकदम काढून घेतल्या. तेव्हा त्याचा क्रमांक ७.१३ होता, आता तो ६.०१ मध्ये आहे.

रनरचं कलम सोपं आहे. प्लेटकडे जायची सरळ वाट सोडून त्याने कॅचरला गाठलं, किंवा टाळता आली असती अशी धडक दिली, तर तो आउट. कॅचरच्या हातून चेंडू सुटला तरी आउटच. चेंडू डेड होतो, म्हणजे खेळ थांबतो, आणि बाकीचे रनर धडकेच्या वेळी ज्या बेसला (वाटेतल्या ठरलेल्या थांब्याला) शेवटचा स्पर्श केलेला असेल तिथे परत जातात. खांदा खाली घातला का, हाताने किंवा कोपराने ढकललं का, प्लेटला स्पर्श करायचा प्रयत्न तरी केला का, यावरून अंपायरला अंदाज येतो. रनर रीतसर स्लाइड करत (जमिनीवरून घसरत) आला तर तो या कलमात सापडत नाही. पाय पुढे टाकून स्लाइड असेल तर कॅचरला लागण्याआधी पाय आणि बूड जमिनीला टेकलेलं हवं. डोकं पुढे असेल तर अंग टेकलेलं हवं.

खरी कसोटी कॅचरच्या कलमात लागते. चेंडू हातात नसताना त्याने वाट अडवली आणि त्यामुळे रनरला अडथळा झाला, तर रनर सेफ. पण थ्रो वाकडा आला किंवा टप्पा विचित्र पडला, आणि तो पकडायला जाताना कॅचर वाटेत आला, तर त्याची चूक नाही. रनरला स्लाइड करून धडक टाळता आली असती, तरीही नाही. म्हणजे थ्रो मैदानातून निघाला की मला चेंडूच्या मागे नजर नेऊन चालत नाही. मी कॅचरचा डावा पाय बघतो. तो प्लेटच्या पुढे, आतल्या बाजूला असेल तर तिसऱ्या बेसकडून येणाऱ्याला प्लेटची कड दिसते. तोच पाय रेषेवर आडवा पडलेला असेल आणि चेंडू अजून पिचरच्या (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याच्या) टेकाडापाशी असेल, तर माझा निम्मा निकाल तिथेच झालेला असतो. उरलेला निम्मा थ्रो कोणत्या बाजूला वळतो यावर. मग कॅचरचा ग्लोव्ह आणि रनर यांच्यामधली फट दिसेल अशी जागा गाठायची, कारण टॅगही बघायचाच असतो. हे सगळं एका श्वासात.

तुमची क्लिप कोणती ते कळलं नाही, पण वर्णनावरून ३१ जुलै २०१४ चा मायामीतला सामना असावा असं वाटतं. मार्लिन्स एका धावेने पुढे होते. जियानकार्लो स्टॅन्टनच्या थ्रोवर सिनसिनाटी रेड्सचा झॅक कोझार्ट प्लेटवर स्पष्ट आउट दिसत होता. रिप्लेला सहा मिनिटांहून जास्त लागली. चेंडू येण्याआधीच कॅचर जेफ मॅथिसने वाट अडवली होती असं ठरलं, धाव दिली गेली, आणि रेड्सनी सामना काढला. नियमाच्या शब्दांत तो निकाल बसत होता, तरी मला तो अन्याय्य वाटतो. कोझार्टला अडथळा कसला झाला? तो पोचायच्या कितीतरी आधी चेंडू ग्लोव्हमध्ये होता. त्याच सप्टेंबरात लीगने खुलासा काढला: रनर कसाही आउटच होणार होता आणि कॅचरच्या उभं राहण्याने काही बिघडलं नाही, तर केवळ पाय चुकीच्या जागी होता म्हणून सेफ देऊ नये. हा खुलासा यायलाच हवा होता.

तरीही वाद मिटलेला नाही. २०११ मध्ये पोझीच्या संघाचा मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) ब्रूस बोची होता. तो स्वतः जुना कॅचर, आणि त्या दुखापतीनंतर कॅचरच्या संरक्षणासाठी नियम बदला असं म्हणणाऱ्यांत तो पुढे होता. जून २०२३ मध्ये तो टेक्सास रेंजर्सकडे असताना त्याचा कॅचर जोना हाइम वाट अडवल्याबद्दल दोषी ठरला, शिकागो व्हाइट सॉक्सच्या एल्विस अँड्रसचा आउट फिरवून धाव दिली गेली, आणि बोची इतका संतापला की त्याला मैदानाबाहेर काढावं लागलं. मला यात विसंगती दिसत नाही. कॅचरला वाचवणारा नियम हवा असणं आणि ‘अडथळा’ कशाला म्हणायचं यावर भांडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडथळा झाला की नाही हे शेवटी माणसालाच ठरवायचं आहे, मग तो प्लेटमागचा असो की न्यूयॉर्कमध्ये पडद्यासमोर बसून रिप्ले तपासणारा.

एक अपवाद लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्या क्लिपमध्ये पुन्हा गोंधळाल. बेस भरलेले (प्रत्येक बेसवर रनर) असताना होम प्लेटवर फोर्स आउट असेल, म्हणजे मागून रनर येत असल्याने पुढच्याला पळणं भागच असेल, तर कॅचरच्या कलमाची सक्ती नाही, कारण तिथे त्याला टॅग करायचाच नसतो, फक्त चेंडूसह प्लेटला पाय लावायचा असतो. रनरला मात्र त्याही वेळी मुद्दाम आदळायची मुभा नाही.

आणि हे सगळं मेजर लीगचं झालं. अमेरिकेतल्या हायस्कूल नियमांत दुष्ट हेतूने दिलेल्या धडकेला रनरला सामन्यातूनच बाहेर काढतात, कॅचरने आधी वाट अडवली असली तरीही. मुलांच्या सामन्यांत मी याच बाजूचा आहे. नाणेफेकीच्या वेळी मी दोन्ही कॅचरना जवळ बोलावून प्लेटपाशी पाय कुठे ठेवायचा ते दाखवतो, आणि दोन्ही कोचना सांगतो की खांदा खाली घालून आलेला रनर सेफ असला-नसला तरी पुढची इनिंग बाकावरूनही बघणार नाही.