आमटी मिळून येत नाही म्हणतोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो चष्मा लावून, मोठा करून पाहिला. वाटीच्या तळाला डाळीचा गाळ, वर पिवळं पाणी, आणि त्या पाण्यावर पोहणारी मोहरी. खाली तुझा प्रश्न, "काकू, तुमच्यासारखी का होत नाही? मसाले तर सगळे घातले." सगळे म्हणजे किती, असं फोनवर विचारलं तेव्हा तू ओट्यावरच्या पुड्या मोजल्यास. चौदा! चंद्रपूरला रुजू होऊन तुला दीड महिना झाला नाही आणि घरात भाजीपेक्षा पुड्या जास्त. फोनवर तू नुसतं 'हो काकू, हो काकू' करतोस, म्हणून लिहून पाठवते आहे. ओट्याजवळ चिकटवून ठेव.

आमटी मिळून येणं म्हणजे काय, ते आधी लक्षात घे. डाळ, पाणी आणि फोडणी यांनी आपापला संसार थाटायचा नाही, एक व्हायचं. तुझ्या वाटीत तिघं शेजारीशेजारी बसली होती, कारण मुळात डाळच शिजलेली नव्हती. दोन बोटांत दाबली की पीठ व्हायला हवी.

तुला एकट्याला अर्धी वाटी तूरडाळ दोन वेळा पुरते. दोन-तीन पाण्यांनी धू आणि अर्धा तास भिजव. ऑफिसातून आल्याआल्या भिजत घाल, मग हातपाय धू, आईला फोन कर, अर्धा तास कुठे जातो कळतही नाही. कुकरच्या भांड्यात दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, थोडा हिंग आणि चार थेंब तेल. तेलामुळे फेस कमी येतो, नाहीतर शिटीतून पिवळे फवारे उडून भिंत रंगते. पहिली शिटी झाली की गॅस बारीक करून दहा-बारा मिनिटं ठेव. शिट्या मोजत बसू नकोस, प्रत्येक कुकरची शिटी वेगळ्या स्वभावाची असते. वाफ आपोआप जिरू दे. झाकण उघडल्यावर डाळ गरम आहे तोवरच रवीने घोट. गार झाली की ती घट्ट बसते आणि मग गुठळ्या राहतात.

बोलता बोलता तू आणखी एक सांगून गेलास, की चिंच डाळीबरोबर कुकरातच घातली होती. घोटाळा तिथे झाला. आंबट पडलं की डाळ मऊ व्हायला कां-कूं करते. टोमॅटो घातलास तरी तेच. बोअरच्या जड पाण्यातही ती अशीच हटून बसते. तुमच्या इमारतीला बोअरचं पाणी असेल तर डाळीपुरतं तरी प्यायचं पाणी घे.

आता फोडणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कंटाळलास तरी वाच. फोडणीत काय घालायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कशानंतर काय आणि किती वेळाने, हे हाताला कळावं लागतं, आणि तुझ्या त्या चौदा पुड्या ज्या चवीच्या शोधात आणल्यास ती तिथेच असते.

लहान लोखंडी कढलं मिळालं तर घे, नाहीतर जाड बुडाची कढई चालेल. दीड-दोन चमचे तेल. तेल तापलं की नाही हे बघायला मोहरीचा एकच दाणा टाक. तो तळाशी गप्प बसला तर थांब. लगेच तडतडून वर आला तर बाकीची मोहरी घाल आणि हातात झाकण तयार ठेव. दाण्यात असलेल्या पाण्याची वाफ होते, ती कोंडते आणि दाणा फुटतो, तीच ती तडतड. ती पुरती ओसरू दे. तुझी मोहरी अख्खीच्या अख्खी तरंगत होती, म्हणजे तू थंड तेलात घाई केलीस. न फुटलेली मोहरी दाताखाली कडू लागते.

तडतड ओसरली की जिरं; ते दहा सेकंदांत रंग बदलतं. मग हिंग. हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक. आपल्याकडे तो पिढ्यान् पिढ्या अफगाणिस्तान-इराणकडून येत आला, आणि 2020 मध्ये हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याची रोपं लावली गेली तेव्हा पेपरात बातमी झाली होती. डबीत मिळतो तो निव्वळ हिंग नसतो, त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. म्हणून डबी बदललीस की प्रमाणही बदल. कच्चा हिंग हुंगलास तर नाक मुरडशील, गरम तेलात पडला की तोच लसणाच्या जवळ जाणारा वास देतो. हिंगानंतर कढीपत्ता, पण कोरडा करून. ओला टाकलास तर तेल अंगावर येईल. आणि आता गॅस बंद. हो, बंद. हळद आणि लाल तिखट नेहमी बंद गॅसवर घालायचं, कारण ती पूड आहे, डोळ्याची पापणी लवेपर्यंत करपते. तेलाच्या उरलेल्या उष्णतेत तिखटाचा रंग उतरतो, तेवढं पुरतं. लगेच डाळ ओत आणि वर झाकण ठेव, म्हणजे वास घरात न पसरता आमटीत राहतो.

फोडणी करपली तर फेकून दे. हे मी शिकले ते नामुष्कीने. खानावळ सुरू करून पहिलाच महिना, रात्रीची बावीस ताटं. फोडणी काळी झाली होती, पण एवढं तेल वाया कसं घालवायचं म्हणून तशीच ओतली. मुलं बिचारी काही बोलली नाहीत, वाट्या मात्र भरलेल्या परत आल्या. सासूबाई मोरीशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "चार चमचे तेल वाचवलंस आणि पातेलंभर डाळ घालवलीस." तेव्हापासून करपलेली फोडणी फेकताना माझा हात थांबला नाही.

डाळ ओतल्यावर लागेल तेवढं गरम पाणी घाल, गार नको. मग मीठ, एक चमचा गोडा मसाला, बोराएवढ्या चिंचेचा कोळ आणि त्याच्या दीडपट गूळ. चिंच नसेल तर दोन आमसुलं, पण मग गूळ थोडा कमी. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं उकळू दे. उकळताना वास बदलतो. आधी कच्च्या चिंचेचा, मग सगळ्याचा मिळून एक. त्या वासाची वाट बघ. मग चव घे, आणि चव घेताना एका वेळी एकच गोष्ट वाढव. नुसती आंबट लागली तर गूळ, गोडमिट्ट झाली तर चिंच, आणि सगळं घालूनही मचूळ लागत असेल तर दहातल्या नऊ वेळा मीठ कमी असतं. मीठ जास्त झालं तर लोक बटाटा टाकायला सांगतात. मी टाकून पाहिला आहे. बटाटा खारट होतो आणि आमटी होती तेवढीच खारट राहते. त्यापेक्षा थोडी डाळ आणि पाणी वाढव, उरलेली उद्या भातावर खा.

पुड्यांचं काय करायचं? तीन ठेव: लाल तिखट, धने-जिरे पूड आणि गोडा मसाला. भरल्या वांग्याची हौस असेल तर कांदा-लसूण मसाला चौथा. बाकीच्या शेजाऱ्यांना वाट, रागवू नकोस. पूड केलेल्या मसाल्याचा वास तीन-चार महिन्यांत मावळतो आणि एकट्या माणसाकडून चौदा पुड्या काही संपत नाहीत. शिवाय सगळ्यांत धने-जिरे-मिरची तीच असते, नाव तेवढं वेगळं. गोड्या मसाल्याची गोष्ट वेगळी. त्यात दगडफूल असतं, खडकावर-झाडावर वाढणारं, फूल नसलेलं फूल. नागकेशर, तीळ, सुकं खोबरं असतं. ते दुसऱ्या कुठल्या पुडीने भागत नाही.

रविवारी एक तास काढ. आठवड्याची भाजी करून फ्रीजमध्ये कोंबायची नाही, तीन तयाऱ्या करायच्या. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर, हात न थांबवता भाज. सालं चुरचुरून निघायला लागली आणि दाण्यावर तांबूस ठिपके आले की उतरव. पुरते गार झाल्यावरच मिक्सरला थांबत थांबत फिरव, जाडसर ठेव. गरम दाणे फिरवलेस तर तेल सुटून गोळा होतो. हे कूट म्हणजे तुझ्या आठवड्याची ठेव आहे. काकडीची कोशिंबीर, दोडका, मेथी, कशातही दोन चमचे घातलं की भाजीला अंग येतं. दुसरी तयारी मटकी: शनिवारी रात्री भिजत घाल, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांध, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत एक दिवस जास्त. तिसरी तयारी म्हणजे दही लावणं. तुमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा विरजण चार तासांत लागेल. लागल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेव, नाहीतर आंबट ढाण होईल. झालंच तर त्याची कढी कर.

रात्री साडेआठला घरी पोचलास आणि उभं राहायची ताकद नसेल, त्या दिवसासाठी पिठलं. यावर मला जास्त बोलायचं नाही, हे वाचून होत नाही, करून होतं. अर्धी वाटी बेसन, दोन वाट्या गार पाणी, आधीच हाताने कालवून गुठळ्या मोडून ठेव. फोडणीत लसूण ठेचून, दोन हिरव्या मिरच्या, बारीक चिरलेला एक कांदा गुलाबी होईपर्यंत परत. मग कालवलेलं पीठ ओतून ढवळत राहा. मीठ घालून झाकण ठेव आणि बारीक गॅसवर सात-आठ मिनिटं वाफ काढ. चमच्याने उचलल्यावर कच्च्या पिठाचा वास येत नसला की झालं. वर कोथिंबीर. भाकरी जमत नाही म्हणून रडू नकोस, गरम भातावर पिठलं आणि कच्चं तेल घेऊन बघ.

बटाट्याच्या काचऱ्या तुला माझ्या मेसमध्ये जेवायचास तेव्हाही आवडायच्या. त्या तळाला लागतात म्हणालास. कढईवर ताटली ठेव आणि ताटलीत पाणी ओत. खाली वाफ धरली जाते, तळ करपत नाही, आणि वरचं पाणी तापलेलं असतं, लागलं तर तेच भाजीत घाल. मेथीला मात्र झाकण नको, उघडीच परत, नाहीतर हिरवेपणा जातो. कडू वाटली तर मूठभर भिजवलेली मूगडाळ त्यात घाल.

तू विचारलंस, "उपासाला तरी अगदी आपलं, जुनं काहीतरी खातो ना आपण?" हसू आलं. साबुदाण्याची खिचडी घे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिथलाच, शेंगदाणा तिथलाच, हिरवी मिरचीसुद्धा समुद्रापलीकडून पोर्तुगिजांच्या काळात आलेली. आपलं म्हणाल तर जिरं आणि तूप, आणि जिरंसुद्धा मूळचं पश्चिमेकडचं. म्हणून काही उपास मोडत नाही. पण तुझ्या त्या सहकाऱ्याने 'हे आपल्यात चालत नाही' म्हणून तुझ्या डब्यातल्या सिमला मिरचीला नाक मुरडलं ना, त्याला हे सांग. भात-भाजीची गोत्रं कुणी विचारत नाही. पीठ पेरून केलेली सिमला मिरची मी वीस वर्षं वाढते आहे.

आणि तू विदर्भात आहेस, तिथे माझी पुणेरी आमटीच करत बसू नकोस. शेजारच्या वहिनींना गोळाभात विचार. बेसनाचे मसाल्याचे गोळे भातातच वाफवतात आणि वर फोडणीचं तेल घेतात. पाटवडीचा रस्सा विचार. माझ्या हातून गोळे दोनदा फुटले आहेत, तेव्हा गोळ्यात तेल किती पडतं आणि भाताचं पाणी आटायच्या आधी ठेवतात की नंतर, हे नीट बघून ये. त्या हाताने दाखवतील ते चमच्यात मोजून लिहून घे. विचारायला लाजू नकोस. स्वयंपाक विचारलेला कुठल्याही बाईला आवडतो, पुरुषाने विचारला तर दोन वाट्या जास्तच मिळतात.

उरलेल्या भाताबद्दल एवढंच: गार झाला की तासाभरात फ्रीजमध्ये ठेव, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी द्यायची नाही. पोट बिघडल्यावर आईने मला विचारलं तर मी काय सांगू?

तुझा मित्र शुक्रवारी तिकडे निघतो आहे, त्याच्याकडे पावशेर गोडा मसाला देते आहे. या आठवड्यातच भाजलेला आहे, निम्मा फ्रीजमध्ये ठेव. डबा स्टीलचा आहे, बुडाला माझं नाव कोरलेलं आहे, हरवू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा परत आण. रिकामा आणायचा नसतो हे तुला ठाऊक आहे. तिकडची तूरडाळ भरून आण.

तुझी,
मेसच्या काकू