वाचक विचारतात : ग्रीनलंडचं ‘टप्प्याटप्प्याने’ म्हणजे नेमकं किती टप्प्यांनी?

डेन्मार्कच्या राज्यातलं स्वशासित बेट असलेल्या ग्रीनलंडच्या निवडणुकीविषयी सीमाभागातून बरीच पत्रं आली. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (खानापूर) : मार्च 2025 मध्ये तिथे जो पक्ष जिंकला, त्याला एका बातमीत ‘स्वातंत्र्यवादी’ म्हटलंय, दुसरीत ‘डेन्मार्कधार्जिणा’. खरं काय?

उत्तर : दोन्ही शब्द चुकीचे आहेत. पक्षाचं नाव देमोक्राटिट, स्थापना 2002 ची. विचाराने उदारमतवादी, म्हणजे खासगी उद्योगाला जास्त वाव द्यावा असं मानणारा. ग्रीनलंड एक दिवस स्वतंत्र व्हावं हे त्याला मान्य आहे, पण आधी घरची मिळकत उभी राहू दे, मग वेगळी चूल, असा त्याचा क्रम आहे. 2021 मध्ये त्याच्या 3 जागा होत्या, 2025 मध्ये 10 झाल्या आणि येन्स-फ्रेडरिक निल्सन पंतप्रधान झाले. स्वातंत्र्याची प्रक्रिया लगेच सुरू करा म्हणणारा पक्ष वेगळा. तो नालेराक, त्याला 8 जागा मिळाल्या.

प्रश्न (निपाणी) : 29.9 टक्के मतांना 31 पैकी 10 जागा कशा? त्रैराशिकाने 9 च येतात.

उत्तर : त्रैराशिकाने 9.27 येतात, बरोबर. पण तिथे त्रैराशिक लावत नाहीत, भागाकार लावतात. सगळं ग्रीनलंड मिळून एकच मतदारसंघ. प्रत्येक पक्षाच्या मतांना 1, 2, 3, 4 असं भागत जायचं आणि सगळ्या पक्षांचे मिळून सर्वांत मोठे 31 भागाकार निवडायचे. ज्या पक्षाचे जितके भागाकार त्यात आले, तितक्या त्याच्या जागा. शेवटच्या, 31 व्या जागेवर काय झालं ते कागदावर करून बघा. देमोक्राटिटचे 29.9 भागिले 10 म्हणजे 2.99. सिउमुत पक्षाचे 14.7 भागिले 5 म्हणजे 2.94. एवढ्याशा फरकाने दहावी जागा देमोक्राटिटला मिळाली आणि सिउमुत 4 वर थांबला. या पद्धतीत मोठ्या पक्षाला किंचित झुकतं माप मिळतं, पण आपल्यासारखं 30 टक्क्यांत बहुमत सहसा मिळत नाही. बहुमताला 16 लागतात, म्हणून चार पक्षांनी मिळून 23 जणांचं सरकार केलं आणि नालेराक विरोधात बसला.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : स्वातंत्र्य हवंच आहे तर एकदा जनमत घेऊन मोकळं का होत नाहीत? ‘हळूहळू’ ही पळवाट नाही का?

उत्तर : नाही. ‘हळूहळू’मागे पैशाचा रोख हिशेब आहे. तो नीट पाहिल्याशिवाय या पक्षावर मत बनवू नये.

21 जून 2009 पासून तिथे स्वशासन कायदा लागू आहे. त्यानुसार डेन्मार्क दरवर्षी एकरकमी अनुदान देतं. 2009 च्या भावाने ते 343.96 कोटी क्रोनर (डेन्मार्कचं चलन) आहे आणि महागाईप्रमाणे दरवर्षी वाढतं. लोकसंख्या जेमतेम 57 हजार, म्हणजे माणशी सुमारे 60 हजार क्रोनर. सरकारी खर्चाचा जवळजवळ निम्मा भार यावर चालतो. निर्यातीत 90 टक्क्यांहून जास्त वाटा मासळीचा, त्यातही कोळंबी आणि हॅलिबटचा. म्हणजे एका हाताला अनुदान, दुसऱ्या हाताला मासळी.

तिसरा आधार खनिजांचा, असं सगळे म्हणतात. तिथेच खरी मेख आहे. खनिजांचं उत्पन्न वर्षाला साडेसात कोटी क्रोनरच्या वर गेलं, की वरच्या रकमेच्या निम्म्याने अनुदान कापलं जातं. समजा उत्पन्न 27.5 कोटी झालं. वरचे 20 कोटी, त्याचे निम्मे 10 कोटी अनुदानातून गेले. म्हणजे मर्यादेच्या वर मिळणाऱ्या 100 क्रोनरमागे खऱ्या अर्थाने पदरात 50 च पडतात. अनुदान पूर्ण शून्यावर यायला, 2009 च्याच भावाने, वर्षाला 695.42 कोटींचं खनिज उत्पन्न लागेल. खाण दाखवणं सोपं आहे, पण बर्फ, बंदर, वीज आणि मजूर यांची सोय होऊन ती चालू व्हायला वर्षं जातात.

दुसरी अडचण खात्यांची. डेन्मार्ककडची खाती एकेक करून स्वतःकडे घेता येतात. खनिजं 2010 मध्ये घेतली. पण खातं आलं म्हणून अनुदान वाढत नाही, त्या दिवसापासून खर्च आपल्याच तिजोरीतून. म्हणून पोलीस, न्यायालयं आणि तुरुंग अजून डेन्मार्ककडेच आहेत. आणि संविधान, नागरिकत्व, सर्वोच्च न्यायालय, परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, चलन ही खाती तर स्वशासनात घेताच येत नाहीत. ती स्वातंत्र्यानंतरच.

जनमताचं म्हणाल, तर कायद्याच्या कलम 21 ने वाट आखून दिलेली आहे. आधी ग्रीनलंडच्या जनतेचा निर्णय. मग दोन्ही सरकारांची बोलणी. झालेल्या कराराला ग्रीनलंडच्या संसदेची संमती आणि तिथल्या जनतेचा कौल. शिवाय डॅनिश संसदेचीही संमती. बोलणीच्या टेबलावर अनुदानाचं काय, मासेमारीचं काय, संरक्षण कोण करणार हे ठरवावं लागेल. तिजोरी रिकामी ठेवून तिथे बसणाऱ्याला समोरच्याच्या अटी मान्य कराव्या लागतात. देमोक्राटिटची भूमिका इथून येते, आणि आम्हाला ती प्रामाणिक वाटते.

प्रश्न (येळ्ळूर) : सीमाप्रश्नाला असं कलम 21 लावून घेता येईल का?

उत्तर : तसं थेट नाही, आणि दोन्ही प्रश्न एका मापाने मोजूही नयेत. तिथे प्रश्न वेगळ्या देशाचा आहे, आपला प्रश्न एकाच देशातल्या दोन राज्यांच्या हद्दीचा. 17 जानेवारी ही तारीख मात्र दोन्हीकडे आहे. आपण त्या दिवशी 1956 च्या हुतात्म्यांना वंदन करतो, आणि तिथे 1979 मध्ये त्याच दिवशी गृहशासनावर, म्हणजे स्वशासनाच्या आधीच्या मर्यादित स्वायत्ततेवर, मतदान झालं. पण वाट वेगळी आहे. आपल्या घटनेच्या कलम 3 प्रमाणे राज्यांची हद्द संसद साध्या बहुमताने बदलते. संबंधित विधानसभेचं फक्त मत मागवतात, संमती लागत नाही. जनतेचा कौल घेण्याची सोय त्या कलमात नाहीच. शेजारच्या गोव्यात 16 जानेवारी 1967 ला कौल झाला, तो संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केला म्हणून. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नावरचा 2004 चा सर्वोच्च न्यायालयातला दावा कलम 131 खाली आहे, त्याची वाट वेगळी.

ग्रीनलंडकडून आपण एक गोष्ट जरूर घ्यावी. त्यांनी मोठा निकाल लागेपर्यंत थांबून न राहता 2009 च्या कायद्यात कलम 20 घालून आपली भाषा अधिकृत करून घेतली. आपल्याकडे अल्पसंख्य भाषकांसाठी केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेली योजना आहे. एखाद्या भागात त्यांची वस्ती 15 टक्के असेल तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही छापायचे. वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुलं असतील तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यायचं. अर्ज फसतात ते बहुधा आकडा न जोडल्यामुळे. 2011 च्या जनगणनेतला आपल्या तालुक्याचा मातृभाषेचा तक्ता जोडा, कोणती नोटीस कोणत्या तारखेला फक्त कन्नडमध्ये लागली त्याचा फोटो लावा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. ही योजना कायदा नाही, त्यामुळे दाद लागली नाही तर तीच कागदपत्रं घटनेच्या कलम 350-ब खालच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवा.