नकाशावर ५जी, गावात ४जी: वर्षाच्या रिचार्जचे पैसे परत मागता येतील का?

प्रश्न: यावल तालुक्यातल्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. फैजपूरच्या बाजारात एका मोबाईल कंपनीच्या माणसाने "तुमच्या गावात ५जी चालू झालं" असं सांगितलं आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचा नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यात आमचं गाव रंगवलेलं होतं. मी नंबर पोर्ट केला, साडेतीन हजारांचा वर्षाचा रिचार्ज मारला, ५जी मोबाईलही घेतला. चार महिने झाले, फक्त ४जी येतं. संध्याकाळी सातबारासुद्धा उघडत नाही. कस्टमर केअरवाले "काम सुरू आहे" म्हणतात. गावातली पोरं टॉवरला कुलूप ठोकायला निघाली आहेत. काय करू?

उत्तर: आधी पोरांना थांबवा. दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये टॉवर किंवा केबलच्या नुकसानीसाठी भरपाई आणि जबर दंड आहे. आज तक्रारदार तुम्ही आहात. कुलूप लागलं की आरोपी व्हाल.

आता मूळ मुद्दा. तुमच्या गावात ५जी यायलाच हवं, असा हक्क कायदा तुम्हाला देत नाही. स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाईलच्या लहरी वापरण्याचा हक्क, घेताना कंपन्यांवर जाळं उभारण्याच्या अटी असतात, पण त्यांच्या जोरावर एकट्या ग्राहकाला आपल्या गावासाठी ५जी मागता येत नाही. म्हणून "५जी द्या" अशी मागणी टिकणार नाही. "नसलेली सेवा आहे म्हणून विकली" ही टिकेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि दिशाभूल करणारी जाहिरातही.

तक्रारीआधी मोबाईल तपासा, कारण कंपनी पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवेल. सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार "५जी ऑटो" हवा आणि सॉफ्टवेअर ताजं हवं. आपल्याकडे ५जी दोन पद्धतींनी चालतं: काही ठिकाणी ४जीच्या आधारावर, काही ठिकाणी स्वतंत्रपणे. स्वतंत्र पद्धत तुमच्या मॉडेलला झेपते का, ते पाहा. तोच मोबाईल, तेच सिम घेऊन जळगाव शहरात ५जी पकडत असेल तर तसा स्क्रीनशॉट काढा. मग मोबाईलवर ढकलायला त्यांना जागा राहत नाही. तुमच्या रिचार्जमध्ये ५जी आहे का, तेही पाहा. कित्येक पॅकमध्ये ते रोजच्या २ जीबी किंवा त्याहून मोठ्या डेटाबरोबरच मिळतं.

पुराव्यात सगळ्यात महत्त्वाचा तो नकाशा. कोणतं तंत्रज्ञान कुठे मिळतं याचे नकाशे संकेतस्थळावर टाकणं ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी कंपन्यांवर बंधनकारक केलं आहे. पण नकाशे बदलत राहतात. आजच तुमच्या दुकानाच्या जागेवर पिन लावून तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा जुना नकाशा डिलीट करू नका, मोबाईलही विकू नका. कंपनी म्हणेल, नकाशा उघड्यावरच्या सिग्नलचा आहे. त्यात थोडं तथ्य आहे: ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी स्लॅबच्या घरात आणि केळीच्या दाट बागेत लवकर कमजोर पडतात. म्हणून चाचणी दुकानात आणि बाहेर रस्त्यावर, दोन्हीकडे घ्या. ट्रायच्या मायस्पीड अ‍ॅपवर आठवडाभर सकाळ, दुपार, रात्र वेग मोजा. सोबत मोबाईलच्या सेटिंगमधल्या सिम स्टेटसमध्ये दिसणारा डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा टिपा. उणे ९० च्या आसपास सिग्नल चांगला, उणे ११० च्या खाली गेला की कमजोर. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आजूबाजूचे टॉवर नकाशावर दिसतात, त्यांची माहिती मागवता येते; टॉवरवर ५जी बसवलेलं नसेल तर तुमची बाजू भक्कम होते.

"काम सुरू आहे" हे खरं का, ते ग्रामपंचायतीत कळू शकतं. ५जीच्या टॉवरला बहुधा फायबर लागते आणि रस्त्याकडेला चर खोदायचा तर परवानगी मागावी लागते. दहा रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकारात अर्ज द्या: अमुक तारखेपासून टॉवर किंवा केबलसाठी कोणाचे अर्ज आले, त्यांवर काय निर्णय झाला? उत्तराची मुदत ३० दिवस. रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर तिथेही तोच अर्ज करा. कंपनी खासगी असल्याने तिच्याकडे असा अर्ज चालत नाही.

आता तक्रार. कंपनीच्या १९८ या तक्रारीच्या नंबरवर करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. नंबराशिवाय झालेलं बोलणं कागदावर शून्य. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करा. फी नाही, निकालाची मुदत ३९ दिवस. त्यानेही भागलं नाही तर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची. दूरसंचाराचे वाद आयोगासमोर चालत नाहीत, असा आक्षेप आला तर व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अग्रवाल हा १६ फेब्रुवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जोडा. आयोगाला अधिकार आहे, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे.

दुसरा आक्षेप "व्यावसायिक वापर" असा येईल. तक्रारीतच लिहा की केंद्र तुम्ही स्वतः चालवता आणि पोट त्यावरच आहे. स्वयंरोजगारासाठी सेवा घेणारा ग्राहकच असतो. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र लावा.

मागणी बेताची ठेवा: रिचार्जची रक्कम, तक्रारीचा खर्च, त्रासाबद्दल माफक भरपाई आणि नकाशा दुरुस्त करण्याचा आदेश. मोबाईलची किंमत मागू नका. तो वेगळ्या दुकानातून घेतला असेल तर त्याचा भार या कंपनीवर टाकणं अवघड आहे, आणि एका लंगड्या मागणीने बाकीच्यांचं वजन कमी होतं.

नंबर पुन्हा पोर्ट करायची घाई नको. ९० दिवस उलटलेत, त्यामुळे करता येईल, पण उरलेला रिचार्ज बुडेल आणि चाचण्या घ्यायला सिमही उरणार नाही. आधी चाचण्या पूर्ण करा, १९८ वरचा डॉकेट नंबर घ्या, मग १९०० वर पोर्टचा एसएमएस टाका.