पळसामागे आप्पांचं धोतर

प्रश्न : जपानी चित्रांत कोऱ्या कागदावर एकच फांदी असते. तसा पळसाचा फोटो मोबाइलवर काढायचाय. मागे कडब्याची गंजी नि विजेच्या तारा येतात, आणि पांढरा कपडा लावला तर तो राखाडी दिसतो. काय करू? – एक वाचक, जिंतूर

उत्तर : कपडा धुतलेलाच आहे हो, कॅमेरा फसतो! समोर सगळं पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो. स्क्रीनवर फुलाला बोट लावा आणि सूर्याची खूण वर सरकवा. पाकळीच्या शिरा पुसट व्हायला लागल्या की थांबा.

मी औशाजवळच्या शेतात आप्पांचं धोतर वापरते. पुतण्या ते फांदीमागे चार-पाच फूट लांब धरतो, म्हणजे सावली पडत नाही. सकाळी आठच्या आत उरकायचं. नंतर वारं सुटतं आणि पुतण्याही कुरकुरतो.

जपानी चित्रकार ओगाता कोरिन (१६५८–१७१६) यांनी आयरिस फुलं रंगवलेले घडीचे पडदे बघा. सोनेरी वर्ख, निळी फुलं, हिरवी पानं. पाणी नाही, जमीन नाही. त्या रिकाम्या जागेला जपानीत ‘मा’ म्हणतात. म्हणून फांदी मधोमध नको, एका कोपऱ्यातून आत येऊ द्या. पळसाला फुलताना पानं नसतात, हे आपलं नशीब. कळीचं काळपट मखमली बोंड मात्र कापू नका, केशरी रंग त्याच्यामुळंच उठतो. मुंगी असली तर राहू द्या. मी एकदा झटकली, फूलच गळालं.