गुडघ्याची वाटी दुखते? खुब्याकडेही बघ

भाऊ, चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जायचंय आणि जिना उतरताना वाटी दुखते म्हणून चालणंच सोडलंस? ही पहिली चूक. पूर्ण आरामाने मांडी आणखी कमजोर होते. दुसरी चूक मीही केली: फक्त गुडघ्याचेच व्यायाम. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमी पडले की पाऊल टेकताना गुडघा आत झुकू शकतो, वाटीवरचा ताण वाढतो.

सध्या एवढंच, एक दिवसाआड:
- कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचल, 10 वेळा
- पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचल
- खुर्चीवरून सावकाश ऊठबस

हलकं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर थोडं कमी कर. खोल बैठका नकोच. फरकाला 6 ते 12 आठवडे लागतात, धीर सोडू नकोस. गुडघा सुजला किंवा अडकला तर मात्र आधी डॉक्टर.