सावली मुंबईची, बर्फ टोरोंटोचा

मुंबईहून टोरोंटोला येण्यावर डिजिटल सररिअल, म्हणजे स्वप्नासारखी अतर्क्य, चित्रं काढायची तर पहिलं म्हणजे सुटकेस, विमान आणि तळपायाला फुटलेली मुळं काही दिवस बाजूला ठेव. परदेशात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या चित्रांत ती असतातच, आणि बघणारा पुढे सरकतो. त्यापेक्षा तुझ्या भाड्याच्या बेसमेंटमधली एखादी रोजची वस्तू घे. सररिअलिस्ट चित्रकार रेने माग्रीतने १९५२ मध्ये एका साध्या हिरव्या सफरचंदाने अख्खी खोली भरून टाकली. बदललं फक्त आकारमान, बाकी खोली नेहमीचीच.

माझ्या मते खरी गंमत प्रकाशात आहे. २१ डिसेंबरला टोरोंटोत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंशांवर असतो, मुंबईत साधारण ४७ अंशांवर. म्हणजे मुंबईत माणसाची दुपारची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी, टोरोंटोत दुपटीहून लांब. आता बर्फाळ रस्त्यावर सगळ्यांच्या सावल्या लांब काढ आणि एकट्या तुझीच आखूड. कारण चटकन कुणाला सांगता येणार नाही, पण काहीतरी बिनसलंय हे जाणवेल. सावलीचा लेयर (चित्राचा वेगळा थर) मल्टिप्लाय मोडवर, म्हणजे खालचा रंग गडद करत मिसळेल असा, ठेव आणि काळ्याऐवजी निळसर रंग घे, कारण उन्हातल्या बर्फावरची सावली आकाशाचा निळा उचलते.

एका चित्रात अशक्य गोष्ट एकच असू दे. उडणारे मासे वगैरे हौस नंतर. (एआयला प्रॉम्प्ट टाकून मिळणाऱ्या तयार स्वप्नदृश्यांबद्दल माझं मत विचारूच नकोस.) आणि छापायचं असेल तर कॅनव्हास सुरुवातीलाच ए-३ आकाराचा, ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेलचा घे. नंतर ताणलेलं चित्र लगेच ओळखू येतं.